खिडक्या मोजून घेतलेली दुर्बीण

अहो,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. अडतीस वर्षांत ज्या शब्दाने कधी हाक मारली नाही, तो आता कागदावर कसला लिहायचा? तुम्हीच पोट धरून हसला असतात. तेव्हा आपलं नेहमीचंच बरं.

आत्ताच कर्नाळ्याहून आलेय. पायातले बूटसुद्धा काढलेले नाहीत. तन्वी, आपली सूनबाई, आत चहा टाकतेय आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून तुम्हाला लिहितेय. आजच लिहायला हवं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललेय. एकदा नाही, एक्केचाळीस वेळा! आणि त्यातलं एक आज खरं झालं. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

तुम्ही गेल्यावर दोनेक महिन्यांनी तुमचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा ती पक्ष्यांची वही हाती लागली. पुढून तुमचे पक्षी, तारीखवार, नीटस अक्षरात. ते मला माहीत होतं. पण वही उलटी केली तर मागच्या पानावर मथळा: ‘हिने पाहिलेले’. खाली एक्केचाळीस नावं! हळद्या, नवरंग, टकाचोर, तांबट... कुठे पाहिला, कोणत्या झाडावर पाहिला, सगळं लिहिलेलं.

त्यातला एकही मला दिसला नव्हता हो! अगदी एकही नाही.

आठवतंय ना कसं चालायचं ते? तुम्ही वाटेत एकदम थांबायचात, हात मागे करून मला थांबवायचात. दुर्बीण डोळ्यांना लावून दोन मिनिटं नुसते ‘अहाहा’ करायचात आणि मग ती माझ्या हातात द्यायचात. “ती बघ, उजवीकडची फांदी. फांदीला फांदी फुटलीय ना, त्याच्या जरा वर. दिसला का?” मी डोळ्यांना लावायची. पान! नुसतं पान. सोळा पट मोठं पान, शिरांसकट. जरा हलवावी तर आभाळ. आणखी हलवावी तर खोडाची साल. आणि मागून तुमचं सुरूच, “दिसला का गं? दिसला का?” निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा चेहरा करायचात तुम्ही. मग काय म्हणणार? “दिसला, दिसला! अय्या, काय गोड आहे!”

तुमचा चेहरा पडू नये म्हणून म्हणायची. आणि खरं सांगू का? मला भूक लागलेली असायची. मला पक्षी दिसल्याशिवाय तुम्ही डबा कुठे उघडू द्यायचात!

सगळ्यात जास्त लागलं ते यादीतलं शेवटचं नाव. भृंगराज. मला तर भृंगराज म्हटलं की तेलाची बाटलीच आठवायची. तुम्ही सांगितलंत, अगं, कोतवाल पक्ष्यासारखा काळा कुळकुळीत, पण शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे गोंडे. त्या दिवशी तुमचा गुडघा एवढा सुजला होता तरी पाऊण तास उभे राहिलात. मी डोळ्यांना दुर्बीण लावली आणि पानाकडे बघत म्हटलं, “दिसला!” घरी येऊन तुम्ही लेकाला फोन केलात, “तुझ्या आईला आज भृंगराज दिसला, माहितेय?” केवढा तो अभिमान! त्यानंतर महिनाभरात तुम्ही गेलात. तुमच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं खोटं.

म्हणून ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत हा एक तरी पक्षी खरा बघायचा. बाकीचे चाळीस राहू देत, पण हा नाही.

तुमची दुर्बीण घेऊन चार दिवस बाल्कनीत उभी राहिले. करंजाड्याच्या पाण्याच्या टाकीवर घार बसते ना, ती एवढी मोठी, पण तीही सापडेना. म्हटलं बिघडलीय बहुतेक. गेले पनवेलला हमीदभाईंकडे. त्यांनी आपल्या दुर्बिणींच्या दुकानात ती उलटीपालटी केली, काचा पुसल्या, डोळ्यांना लावून रस्त्यापलीकडे बघितलं.

“वहिनी, ही एकदम दुरुस्त आहे. हिच्यात कायपण खराबी नाय.”

“मग मला काहीच कसं दिसत नाही?”

हमीदभाई हसायला लागले. “कुवेतहून मीच आणून दिलेली ना साहेबांना. तेव्हाच बोललो होतो, आठ पटीची घ्या. साहेब बोलले, शेजारच्यांकडे बारा आहे, मला सोळा पायजे!”

अस्सं! म्हणजे तीस वर्षं मी पानं बघितली ती शेजारच्यांच्या बारामुळे! अहो, काय म्हणावं तुम्हाला?

मग त्यांनी मला दुर्बिणीवरची ती बारीक अक्षरं दाखवली. मला वाटायचं कारखान्याचा नंबर असेल. तर म्हणे, हजार मीटर लांब बघितलं तर किती रुंद पट्टा एका वेळी दिसतो, ते लिहिलेलं असतं. तुमच्या सोळाचा एकसष्ट मीटर. आठ पटीच्या एका चांगल्या दुर्बिणीचा एकशे चाळीस. दुपटीहून जास्त! पक्षी मोठा दिसायच्या आधी सापडायला नको का? तुमचा हात पक्का, नजर तयार, तुम्हाला तेवढ्याशा गोलात सापडायचा. माझ्या हाती दुर्बीण येईपर्यंत तो उडून पलीकडच्या फांदीवर गेलेला असायचा, आणि मी आपली अलीकडची फांदी तपासत बसायची.

“आकड्यावर जाऊ नका,” हमीदभाई म्हणाले. “दरवाजात उभ्या राहा आणि समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजा.”

मग काय, चष्मा काढून भर बाजारात दुकानाच्या पायरीवर मी उभी. तुमच्या सोळातून दीड खिडकी दिसली. दहाच्या दुर्बिणीतून अडीच. आठच्या तीन काढल्या. पहिलीत साडेतीन. दुसरीत तर चार आणि वर एक गॅलरी! मी म्हटलं, हीच द्या. ते म्हणाले, थांबा, कडेची खिडकी नीट बघा. बघते तर कडेची खिडकी चक्क वितळलेली, गज वाकडे. आणि चष्मा लावून बघितलं तर चाराच्या दोनच राहिल्या.

आणि इथेच खरी गंमत कळली. डोळ्यांपाशी त्या रबरी कडा असतात ना? त्या बिनचष्म्याच्या माणसाने वर ठेवायच्या आणि चष्मेवाल्याने खाली करायच्या. नाहीतर डोळा काचेपासून लांब राहतो आणि दिसायचं तेवढंही दिसत नाही. तुम्हाला लांबचा चष्मा नव्हता, मला विसाव्या वर्षापासून आहे. तीस वर्षांत एकदा, एकदा तरी त्या कडा दुमडून द्यायच्या होत्यात की! मी दुकानातच हसत सुटले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. हमीदभाईंनी आपलं खुर्ची दिली, पाणी दिलं.

शेवटी पहिली घेतली, साडेतीन खिडक्यांची. चष्म्यासकट साडेतीनच्या साडेतीन, आणि कडेचे गज सरळ. तिसरी हातात घेतली तेवढ्यातच जड लागली. किती दिमाखात सांगतेय ना मी? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आठच पट?

आणि आज गेलो. तन्वी सुट्टी काढून आली बरोबर. अभयारण्याच्या फाटकाशी ती काकडीवाली बसते ना, तिने लांबूनच हाक मारली, “आजी, आज बाबा नाय आलं?” मी सांगितलं. तिने दोन काकड्या चिरून मीठ लावून हातात ठेवल्या. पैसे देऊ केले तर घेईना.

तुम्ही दाखवलेल्या त्याच वाटेवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला आम्ही उभ्या राहिलो. अर्धा तास झाला. तन्वी मोबाईल बघायला लागली. आणि समोर काहीतरी काळं सळकन गेलं. नजर न काढता दुर्बीण वर उचलली. आख्खं झाड आत मावलं! फांदी, तिच्यावर तो, आणि मागे त्या दोन तारा, टोकाला गोंडे. तो उडाला तर गोंडे आपले निराळेच मागून धावताहेत, दोन भुंगे पाठीला लागल्यासारखे. दुसऱ्या फांदीवर बसला, तरी माझ्या गोलातून गेला नाही. किती सुंदर आहे हो तो! मला काही कल्पनाच नव्हती. एवढं सगळं बघत होतात होय तुम्ही, मी मागे भुकेने कुरकुरत असताना?

मागून कुणी ‘दिसला का’ विचारलं नाही. तेवढा एक क्षण वाईट गेला.

मग मी दुर्बीण तन्वीला दिली. तिला चष्मा नाही, म्हणून कडा वर करून दिल्या. तिने डोळ्यांना लावली न लावली तोच, “हो आई, दिसला! किती क्यूट!”

मी बघतच राहिले. हा सूर तर माझाच! “तन्वे, नाही ना दिसला?” तिने जीभ चावली. “नाही, आई. पण तुम्ही एवढ्या खूश होतात...”

म्हटलं, आधी नुसत्या डोळ्यांनी धर त्याला. धरलास? आता नजर हलवू नकोस, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आण. तिने आणली. आणि गप्प झाली. तोंड उघडंच, खांदे खाली आलेले. किती तरी वेळ एक शब्द नाही! मी विचारलंच नाही, दिसला का म्हणून. विचारायची गरजच नव्हती.

आणि तिथे, अहो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच दिसतो तेव्हा माणूस बोलतच नाही! मी तर प्रत्येक वेळी दुर्बीण डोळ्यांना लागायच्या आत ‘दिसला’ म्हणायची. मला जे तन्वीचं एका झटक्यात कळलं, ते तुम्हाला तीस वर्षांत कळलं नसेल? कळत होतं ना? सगळं कळत होतं, आणि तरी घरी येऊन माझ्या नावावर पक्षी लिहीत होतात! लबाड कुठले!

आता ऐका. यादीतले चाळीस उरलेत, ते सगळे मी बघणार. गुडघे आहेत तोवर, आणि नंतर तन्वीचा हात धरून. एकही नाव खोटं राहू द्यायची नाही, हा शब्द देते. आणि पक्षी समोर असताना तोंडातून अक्षर काढणार नाही. माझी बडबड एकदम थांबलेली जाणवली, की समजा, दिसला.

तुमचीच,
सुनंदा