गिऱ्हाईक थांबवण्याची योजना

३ जानेवारी
आज एकमताने अध्यक्ष झालो. एकमताने म्हणजे मी उभा राहिलो आणि बाकीचे दुकानदार बसून राहिले. चष्मेवाल्याने हात वर केला होता, पण तो खिडकी लावून घ्या म्हणून.

गावाबाहेर काचेचं शॉपिंग सेंटर उघडल्यापासून आमच्या रस्त्याला अवकळा आली आहे. ती घालवायला मंडळ काढलं. काम मोठं आहे, पण माणूसही तसाच निवडला गेलाय.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, अभिनंदन, पण मे अखेरपर्यंत दुकान चाललं नाही तर मी सेंटरमध्ये दादाच्या शेजारचं काउंटर घेणार. दादा म्हणजे माझा मेव्हणा. त्याचंही बॅगांचंच दुकान. आमचं दुकान माझ्या वडिलांनी काढलेलं; ते बंद करून मेव्हण्याच्या शेजारी जाऊन बसायचं म्हणजे मी जगात तोंड दाखवायचं कुठे? हिला म्हटलं, मेपर्यंत इतकी गर्दी होईल की तू काउंटरवर एकटी पुरी पडणार नाहीस. ही म्हणाली, आताही एकटीच असते.

संकल्प: पहाटे उठून रस्त्याची पाहणी. मीटिंगमध्ये कमी बोलणे. चष्मेवाल्याशी वाद न घालणे, तो चुकत असला तरी. तो नेहमीच चुकतो.

४ जानेवारी, सकाळी ९.४०
उठलो. पाहणी गॅलरीतून केली. रस्ता जागेवर आहे.

१५ जानेवारी
मंडळाचं नाव ठरलं: बाजारपेठ पुनरुज्जीवन मंडळ. नाव माझं. आख्खी मीटिंग त्यात गेली, पण नाव वजनदार हवं. लेटरहेडवर एवढं मावेना म्हणून बा. पु. मं. असं छापून घेतलं. आता सगळा रस्ता आम्हाला बापूमंडळ म्हणतो. वीजखात्याचा माणूस दुकानात येऊन बापू आहेत का विचारून गेला. हिने त्याला सांगितलं की आहेत, वर झोपलेत.

२ फेब्रुवारी
अभ्यास पूर्ण. सबंध आठवडा दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसलो होतो. (ही म्हणाली, तेवढं आत काउंटरवर बसलात तरी चालेल. तिला रिसर्च म्हणजे काय ते माहीत नाही.)

निष्कर्ष धक्कादायक आहे. लोक त्या कोपऱ्यावरून येतात, या कोपऱ्यावरून जातात. मध्ये थांबत नाहीत. हे आजवर कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

मीटिंगमध्ये रिपोर्ट वाचला. रोग: लोक थांबत नाहीत. उपाय: त्यांना थांबवणे. टाळ्यांसाठी जरा जागा सोडली. बेकरीवाल्या काकू म्हणाल्या की त्यांच्याकडे थांबतात. मी म्हटलं, ते पावासाठी थांबतात, रस्त्यासाठी नाही. चष्मेवाला म्हणाला, आधी काचा पुसू, दिवे लावू, जुना माल काढून टाकू. किरकोळ बुद्धीचा माणूस. वाद घातला नाही. फक्त त्याच्या काचा किती दिवस पुसलेल्या नाहीत ते सविस्तर सांगितलं.

११ फेब्रुवारी
सुचलं! आंघोळ करताना सुचलं आणि साबण तसाच ठेवून बाहेर आलो.

सगळे दुकानदार गिऱ्हाईकाला या म्हणतात, बघा म्हणतात, घ्या म्हणतात. पण थांबा असं कोणी म्हणतच नाही. मग तो बिचारा थांबेल कसा? एक पाटी. तिच्यावर एकच शब्द: थांबा. नम्र, आदरार्थी, मुद्देसूद.

पेंटरने विचारलं, आणखी काही लिहायचं का? म्हटलं, एक अक्षर नको. तो म्हणाला, मग तयारच पडलीय एक माझ्याकडे, मागच्या कामातली उरलेली, खांबासकट. योगायोग बघा! माझ्या मनातलं या माणसाने आधीच रंगवून ठेवलं होतं.

पाटी माझ्याच दुकानापुढे लावली. अध्यक्षाने त्रास स्वतःवर घ्यायचा असतो.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८.१५
एक बाई थांबल्या. बरोबर पाटीखाली.

सकाळी ९.००
पाच जण. आणि रांगेत! कोणी सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले. हिला हाक मारून दाखवलं. हिने रांगेकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तुमचा चहा निवतोय. भारावली होती. अशा वेळी शब्द फुटत नाहीत.

१३ फेब्रुवारी
एक निरीक्षण: थांबलेले लोक दुकानाकडे बघत नाहीत, सारखे उजवीकडे बघतात. मोठ्या आशेने. रांगेतल्या एका आजोबांनी मला विचारलं, कधी येणार हो? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, येणार, नक्की येणार, या रस्त्याचे दिवस परत येणार. ते म्हणाले, दिवसांचं राहू द्या, पावणेनऊची येणार का ते सांगा.

म्हातारी माणसं कोड्यात बोलतात.

२० फेब्रुवारी
रांग बेकरीपर्यंत गेली. विक्री शून्य. रांगेतल्या एका बाईंना म्हटलं, आत या, पर्स बघा. त्या म्हणाल्या, नंबर जाईल.

हिला समजावलं की माणूस आधी थांबतो, मग बसतो, मग घेतो. आता दुसरा टप्पा. मंडळातर्फे दोन बाकं टाकली आणि वर पत्र्याचं छप्पर केलं.

संध्याकाळी मीटिंग. चष्मेवाला भर सभेत उठून म्हणाला, अहो अध्यक्ष, तुम्ही बसस्टॉप केलाय. सगळे हसले. काकूंनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. हे वृत्तांतातून वगळावं असं मी बजावलं. वृत्तांत लिहिणारा हसत असल्यामुळे त्याला ऐकू गेलं की नाही, शंका आहे.

२१ फेब्रुवारी
सकाळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाटीकडे पाहिलं. खांब. पाटी. बाकं. छप्पर. रांग.

चष्मेवाल्याची नजर चांगली आहे. धंदाच आहे त्याचा.

दुपारी पाना घेऊन पाटी काढायला गेलो, तर रांग अंगावर आली. आजोबांनी विचारलं, तुम्ही कोण पाटी काढणारे? म्हटलं, अध्यक्ष. कशाचे? म्हटलं, ते आपलं... बापूमंडळाचे. मग बापूंना पाठवा, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं सर्वानुमते ठरलं. परत आलो.

संध्याकाळी पडल्या पडल्या विचार केला आणि लख्ख उजेड पडला. जिथे बस तिथे माणसं, जिथे माणसं तिथे धंदा. मुळात योजना हीच होती, फक्त मला उशिरा कळली. हिला सांगितलं. ही म्हणाली, कूस बदला, घोरताय तुम्ही. मी जागा होतो.

१० मार्च
रांगेने बसच्या ऑफिसात तक्रार केली की आमच्या स्टॉपवर बस थांबत नाही. आज साहेब पाहणीला आले. पाटी पाहून म्हणाले, स्टॉप आहे म्हणजे बसची गरज दिसतेच. इतका सरळ विचार करणारा अधिकारी मी पाहिला नव्हता. कागदावर 'नागरिकांचे प्रतिनिधी' म्हणून मीच सही केली. चष्मेवाल्याने दारातून पाहिलं. मुद्दाम सावकाश सही केली.

२ एप्रिल
बसचं उद्घाटन! फीत मी कापली. (फीत काकूंची, केकच्या खोक्यावरची.) भाषण चार पानांचं होतं. ही बस आमच्या दारात गिऱ्हाईक आणून सोडेल, या वाक्याला मी आवाज चढवला. दुसरं पान उलटेपर्यंत सगळे श्रोते आत चढले आणि बस सुटली.

एकट्या हिने टाळ्या वाजवल्या. तिच्या टाळ्यांत उत्साहापेक्षा दया जास्त होती, असं एक क्षण वाटलं. गैरसमज असणार.

जाताना बसच्या पाठीवर लिहिलेलं वाचलं: सेंटर – थेट.

९ एप्रिल
बसचा अभ्यास. सकाळी भरून जाते, रिकामी येते. संध्याकाळी रिकामी जाते, भरून येते. उतरणाऱ्यांच्या हातात नव्याकोऱ्या बॅगा असतात. म्हणजे समाजात बॅग वापरण्याची सवय वाढते आहे. आपल्या धंद्याला हे चिन्ह चांगलं.

एका बॅगेवर मेव्हण्याच्या दुकानाचं लेबल होतं. संकल्प: मेव्हण्याशी बोलणं बंद.

संध्याकाळी ७.३०
मेव्हण्याचा फोन आला. बोललो. त्याने बसबद्दल मनापासून आभार मानले. म्हणाला, इतकं तर सख्ख्या भावानेही केलं नसतं.

२२ एप्रिल
बस बरोबर आमच्या दारापुढे उभी राहते. दुकानात भरदिवसा अंधार. आमचा बोर्ड रस्त्यावरून दिसत नाही; दिसतो तो फक्त बसमधल्या खिडकीजवळच्या माणसाला, आणि तोही जायच्या घाईत. बसच्या ऑफिसला कडक पत्र लिहिलं. उत्तर आलं: आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, फेऱ्या वाढवत आहोत.

लोक दुकानात येतात हे मात्र खरं. सुटे मागतात, पुढची कधी म्हणून विचारतात. भिंतीवर वेळापत्रक लावलंय. सुटकेसवर बसून वाट बघू नये अशी पाटीही लिहायला घेतली होती, पण सध्या पाट्या नकोत असं हिचं मत पडलं.

६ मे
काकूंचा धंदा जोरात आहे. रांगेतले सगळे पाव आणि बिस्किटं घेतात. त्यांनी मंडळाचे आभार मानलेले नाहीत.

चष्मेवाला सेंटरमध्ये गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो काही लागट बोललाच नाही. माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, काचा पुसल्या, दांडीचा स्क्रू आवळला आणि परत नाकावर बसवून निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

मीटिंगला मी आणि काकू. ठराव: परिस्थिती समाधानकारक. काकूंनी विरोधात मत दिलं. अध्यक्षाचं जादा मत वापरून ठराव मंजूर केला.

२८ मे
ही आज शांतपणे बोलली. ही ओरडते तेव्हा मला काळजी नसते.

म्हणाली, काउंटर मी घेतलंय, एक तारखेपासून जाणार. मी म्हटलं, अजून थोडे महिने, तिसरा टप्पा तर बाकी आहे. ती म्हणाली, तुम्ही रस्ता सुधारत होतात तेव्हा दुकानात मी बसले होते. आज काय खपलं, एवढं एकदा तरी विचारलंत का?

मी वेळापत्रक वाचत राहिलो.

मग म्हटलं, बाबांना काय वाटलं असतं? ती म्हणाली, बाबा जानेवारीतच गेले असते तिकडे, गिऱ्हाईक जिथे तिथे ते. हे खरं आहे. खरं असलं तरी बोलायला नको होतं.

काय खपलं ते मी खरंच विचारलं नव्हतं.

३१ मे
माल हलवला. टेम्पो करू म्हटलं, तर ही म्हणाली, दारात बस असताना? रांगेतल्या प्रत्येकाने एकेक बॅग उचलली. आजोबांनी मोठी ट्रंक उचलायचा हट्ट धरला, मग ती दोघांनी मिळून आजोबांसकट चढवली. कंडक्टरने विचारलं, एवढं सामान घेऊन निघालात कुठे? ही म्हणाली, कामाला.

दुकान रिकामं झालं. भिंतींचा रंग कपाटांमागे अजून नवा आहे.

१ जून
ही गेली. मी राहिलो. अध्यक्ष रस्ता सोडत नसतो. संकल्प: एकट्याने खिंड लढवणे. तिसऱ्या टप्प्याचा आराखडा आजच.

दुपारी २.००
आराखडा उद्या.

२ जून
काकूंनी मंडळाचा राजीनामा दिला. म्हणाल्या, वेळ मिळत नाही हो, गर्दी फार असते. रिकाम्या दुकानात स्टुलावर बसून मीटिंग घेतली. कोणी खिडकी लावा म्हणालं नाही. अध्यक्षांच्या भाषणात अध्यक्षांनाच डुलकी लागली.

४ जून
सकाळी दुकानात गिऱ्हाईक आलं.

सुटे नको, वेळ नको. एक गृहस्थ, सोबत बायको. मोठी सुटकेस हवी, चांगली, महाग असली तरी चालेल. म्हणाले, बसच्या खिडकीतून तुमचा बोर्ड वाचला, या दुकानाचं नाव ऐकून होतो, म्हणून मुद्दाम उतरलो. मुद्दाम उतरलो! योजना फळाला आली होती. वडिलांच्या वेळेपासूनचं नाव वाचून माणूस थांबला होता.

मी तोंडभर हसून मागे वळलो. मागे भिंत होती.

बाई म्हणाल्या, माल कुठे दिसत नाही तो? मी म्हटलं, तिकडे ठेवलाय, सेंटरमध्ये, दुसरा मजला, आमची ही असते काउंटरवर. ती नीट दाखवेल, माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळतं. हे शेवटचं माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. त्यांनी विचारलं, इथून जायचं कसं?

मी म्हटलं, दारातूनच बस आहे.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण आलेलं गिऱ्हाईक एकटं सोडायचं नसतं, रस्ता चुकतात लोक. कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन रांगेत उभा राहिलो. बस आली. त्या दोघांना बसायला जागा मिळाली. मी उभ्याने गेलो.

हिने आम्हाला येताना पाहिलं, त्यांना सुटकेस दाखवली, विकली. मग मला म्हणाली, बरं झालं आलात, त्या वरच्या फळीवरच्या बॅगा तेवढ्या खाली काढून द्या.

दिल्या.