लाल रेघेबाहेरची वस्ती

ताई,

नमस्कार, आणि पोरांना गोड पापा. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

जिल्ह्यातले सगळे ओढे पायी पालथे घातले. पुराचं पाणी जिथवर चढेल, तिथवर नकाशावर लाल रेघ ओढायची, हे माझं काम. रेघेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. एका वस्तीतल्या आजींनी भिंतीवरची जुन्या पुराची खूण दाखवली. माझ्या डोक्याच्याही वर होती. मी वस्ती रेघेच्या आत घेतली. साहेबांनी बाहेर काढली. "तिथे शाळा मंजूर झालीय, उगाच घोळ नको." मी सही केली.

काल आजी ऑफिसात आल्या. "आता भीती नाही ना, बाळा?"

"नाही, आजी," म्हणालो.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस. मी माणसं वाचवतो, असं ते शेजाऱ्यांना सांगत असतात.

तुझा धाकटा