मागच्या दारातले जोडे

२८ मार्च २००४, टौरंगा

पोचलो एकदाचा! विमानात पायांचे भोपळे झाले होते, पण सचिनचा मळा पाहिला आणि सगळा शीण पळाला. मांडवावर किवीची फळं लगडली आहेत, तोडणी तोंडावर आलीय. सूनबाई स्वप्नाला नववा लागलाय. नातवंडाचं तोंड पाहायला मिळावं, एवढ्यासाठीच मी आलो. माझ्या बायकोने, सरोजने, जाण्याआधी विणलेले लोकरीचे इवलेसे बूट हातसामानात जपून आणलेत. ती असती तर तिने हे घर डोक्यावर घेतलं असतं.

घर जुनं, एका डच माणसाने बांधलेलं. मागच्या दाराशी लांबलचक फळी आहे आणि तिच्यावर आधीच्या मालकांचे जोडे ओळीने मांडलेत. एक लाकडी, एक कातडी, पुढे दोन गमबूट, शेवटी एक काळे पॉलिशचे. सचिनला ती घराची शोभा वाटते. पुढे त्याचे गमबूट, स्वप्नाचे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. शेजारी मी माझ्या वहाणा काढल्या. परदेशातही चपला बाहेर काढणारं घर मिळालं म्हणून बरं वाटलं.

१ एप्रिल

शेजारच्या विल्माबाई केक घेऊन आल्या. डच आहेत, ऐंशीच्या घरातल्या. बूट घालूनच स्वयंपाकघरात बसल्या, ते मला खटकलं. भूमी अभिलेखात जन्म गेल्यामुळे मी जमिनीचा इतिहास विचारलाच. त्या म्हणाल्या, हेन्ड्रिकने युद्धानंतर जहाजाने येऊन घर बांधलं. मग त्याचा पुतण्या, मग एक गवळी जोडपं, शेवटी एक निवृत्त मास्तर. मात्र खरेदीखतावर मालकाची सही एकदाही नाही. दरवेळी विकलं ते नातेवाइकांनी. मालक कुठे गेले, तर म्हणे थकले. सगळे फार थकले होते.



४ एप्रिल

अंग मोडून आलंय. काम तर काडीचं करत नाही. सचिन लाकडासारखा झोपतो आणि उठतो तो गळून गेलेला. स्वप्ना म्हणते, नऊ महिन्यांचं ओझं आहे, दमणारच. मला म्हणाली, वयाला धरून आहे हो बाबा.

मग आज सकाळी माझ्या नखांत माती कशी?

७ एप्रिल

जुने जोडे उचलून ओढ्यात टाकले. जेवायला बसलो तोवर फळीवर परत. ओले, ताज्या मातीचे. सचिन दिवसभर फोनवर होता, स्वप्ना पडून होती.

विल्माबाईंकडे गेलो. त्यांनी हेन्ड्रिकचा नियम सांगितला. जो त्या फळीवर जोडे काढील, तो या जमिनीचा. म्हणून त्या तिथे कधीच बूट काढत नाहीत. मला आधी का नाही सांगितलं? त्यावर म्हणाल्या, सचिनला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो हसला आणि म्हणाला, आमच्यात दारात चपला काढल्याशिवाय कुणी घरात पाऊल टाकत नाही.

आयुष्यभर मालकी हक्क लिहिले मी. इथे मालक कुणीच नव्हता. सगळे गडी होते.

१२ एप्रिल

मुलगी झाली! डोळे सरोजचे. हॉस्पिटलात तिला मांडीवर घेतलं आणि रडलो. ती अजून कुणाची गडी नाही. तिला त्या घरात येऊ द्यायचं नाही.

सचिनला म्हटलं, आहोत तसे अनवाणी निघू, गावात भाड्याने राहू. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, मळ्याचं कोण करणार बाबा. आवाज माझ्या पोराचा नव्हता. नुसता थकवा बोलत होता.

१४ एप्रिल

स्वप्नाला फोन. म्हटलं, तुझ्या बहिणीकडे जा, वासंतीकडे, अवोन्डेलला — म्हणाली, बाबा, मला माझ्या पलंगावर झोपायचंय, बाकी काही नको. रागावली. सचिन उद्या आणायला जातोय.

माझ्या वहाणा उचलायला गेलो. हलत नाहीत. पुण्याला परतायचं तिकीट बॅगेत आहे. सरोजचे बूटही तिथेच, कुलपात. किल्ली जानव्याला बांधलीय.

१५ एप्रिल

आले. मी पुढच्या दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं चपला काढू नका, तसेच आत या — स्वप्ना कसंनुसं हसली. बाळंतिणीने चपला घालून घरात यायचं? मागून गेली. वळसा घालून. त्या फळीवरून.

पोर तिच्या छातीशी, पाय दुपट्यात. जमिनीला लागले नाहीत. मी पाहिलंय. लागले नाहीत.

संध्याकाळ

किल्ली जानव्यालाच. कुलूप लावलेलं. फळीवर शेवटी, माझ्या वहाणांना लागून — सरोजने विणलेले — तळाला ओली माती —

तीन दिवसांची पोर. चालत नाही. चालूच शकत —

स्वप्ना आतून हाक मारतेय. दुपटं सोडलंय तिने. म्हणतेय, बाबा, जरा इकडे या, हिच्या पायांच्या नखांत हे काळं काय —