वाकड्या करंगळीची मूठ

बाबा,

तुमचा शिष्य जिंकला. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, आणि तो स्वतः सांगणार नाही, कारण बढाई मारायची त्याला सवय नाही. न मारायची ही चांगली सवयही त्याला तुमच्याच हाताखाली लागली असणार. मला नाही लागली. मी तुमच्या हाताखाली नव्हतोच.

आधी इकडची खबर. तुम्ही गेलात तेव्हा आपलं नेरडीगोंडा काय अन् निर्मल काय, सगळा एकच जिल्हा होता. मागे एका दसऱ्याला त्याचे चार झाले. खंडेनवमीला पुजलेली हत्यारं आम्ही अजून उचलली नव्हती, भट्ट्या थंड होत्या, आणि तिकडे कचेऱ्यांच्या पाट्या बदलून राहिल्या होत्या. लोक हॉटेलात बसून भांडत होते, कोणाचं गाव कुठे गेलं, कोणाला तहसील लांब पडली. मी एकटाच खुशीत होतो. तुमचा शिष्य निर्मलचा, आणि निर्मल वेगळा जिल्हा झाला. म्हटलं, सरकारनं एक काम तरी धड केलं, हा परजिल्ह्यातला झाला. आता आदिलाबादेत चांगलं पातं कोण करतं असं विचारलं, तर एकाच माणसाकडे बोट जाईल.

ही खुशी फार टिकली नाही. जंगल खात्याचीही तशीच वाटणी झाली आणि नवे साहेब आले. रानातल्या तळांवर जे वॉचर राहतात, त्यांच्याजवळ लाकडाला कुऱ्हाड, बांबूला कोयता, भाजीला सुरी, असं तिहेरी ओझं. साहेब मला म्हणाले, "एक ही बड़ा चाकू चाहिए, सब काम का. बना सकते?" मी म्हणालो, बनवतो. मग ते सहज म्हणाले, एक नमुना तुमचा, एक निर्मलवाल्याचा, निर्मलच्या साहेबांशी बोलणं झालंय, जो पोरांना आवडेल तो दोन्ही जिल्ह्यांच्या तळांवर. माझ्या तोंडातला चहा कडू झाला. परजिल्ह्यात गेला तरी हा माणूस माझ्या वाटेच्या मधोमध उभाच.

तुम्हाला आठवतं का, आपली भट्टी आणि आईची चूल यांच्यात एकच भिंत होती. आई म्हणायची, "माया घरात दोन चुली हायेत. एकीवर भाकर होते, दुसरीवर निस्ता आवाज." मी कायम भाकरीच्या बाजूला, तो तुमचा शिष्य आवाजाच्या. त्याला तुम्ही शिव्या घालायचात, आणि त्या शिव्यांचा मला हेवा वाटायचा. "आंधळ्या, रंग पाय लोखंडाचा, रंग!" असं तुम्ही ओरडलात की मी भिंतीपलीकडे ताटावर बसून विचार करायचो, कोणता रंग? मला कोणी का दाखवत नाही? एकदाच मी तुमचा हातोडा उचलला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "ठेव तो. तुया हातात नाही बसत." बंडीच्या चाकात सापडून माझी करंगळी वाकडी झाली होती, ती तेव्हा मुठीबाहेर लटकत होती. मी हातोडा ठेवला. त्यानं तो उचलला, आणि त्याच्या हातात तो बसला.

आणि तो मातीचा दिवस. मी शिकायला आदिलाबादला राहायचो, पोळ्याला घरी आलो होतो. आई पुरण वाटत होती. तुम्ही भट्टी लिंपायची माती कालवत होतात. मला हाक मारलीत, ओल्या मातीचा एक गोळा हातात दिलात आणि म्हणालात, "दाब." मी दाबला. "बायकावाणी नको, जोरानं दाब. कोयता धरल्यासारखा." मी दात खाऊन दाबला. तुम्ही माझी मूठ उलटीपालटी करून बघितलीत, करंगळीपाशी थोडे थांबलात, मग गोळा काढून घेतलात आणि म्हणालात, "जाय, जेव." एवढंच. मला वाटलं, तुम्ही माझी ताकद बघितली आणि मी नापास झालो. त्या दिवशीची पुरणपोळी मला मातीसारखी लागली. त्यानंतर मी भट्टीच्या बाजूला गेलो नाही, आणि तुम्हीही बोलावलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी आदिलाबादजवळ मावल्याला हायवेच्या कडेला शेड टाकली आणि स्वतः शिकलो. कोणी विचारलं की मी हेच सांगतो, छाती पुढे काढून. लारीच्या कमानीच्या पट्ट्या तापवल्या, ठोकल्या, लाल असताना बुडवून पाणी देताना तडकवल्या, पुन्हा ठोकल्या. पात्याला पाणी द्यायचं ते कशात, हे मला कोणी सांगितलं नाही. पण भिंतीपलीकडून तुमची भट्टी मी वर्षानुवर्षं ऐकली होती. विळ्याच्या वेळी चर्र आवाज तुटक यायचा, कोयत्याच्या वेळी जाड आणि लांब; विळा पाण्यात विझतो आणि कोयता तेलात, हे मी त्यावरून ताडलं. पुष्कळ पाती वाया घालवल्यावर माझ्या तेलातून एकदा तो जाड आवाज आला, आणि मी शेडमध्ये एकटाच हसलो.

म्हणून हा चाकू मी जीव ओतून केला. बघा, तुम्हाला सांगतो, तुम्हाला कळेल. अडचण अशी की तोडायला वजन लागतं आणि चिरायला पातळपणा, आणि दोन्ही एका लोखंडातून काढायचे. कोयत्यासारखं टोक आत वळवलं तर बांबू छान तुटतो, पण कांदा चिरता येत नाही आणि खड्डा उकरता येत नाही. मी पातं सरळ ठेवलं, हातभराहून थोडं कमी, आणि टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात त्याला पोट दिलं. वजन तिथे. तिथली धार जाडसर, लाकडात रुतून न बसणारी. मुठीजवळची चार बोटं धार मात्र सपाट आणि पातळ, भाजीसाठी. पाठ मुठीपाशी जाड, पुढे उतरत गेलेली, म्हणजे मनगट दुखत नाही, आणि पाठीच्या कडा चौकोनी, साल खरवडायला. पातं एका बोटावर तोललं तर मुठीच्या दोन बोटं पुढे थांबायचं. ना पुढे, ना मागे. मुठीसाठी मी भेटेल त्याचा पंजा मापला, व्हर्नियर लावून, आणि सगळ्यांची सरासरी काढली. बाभळीचे दोन तुकडे, आरपार तीन रिबिटा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही.

नमुन्यांची परीक्षा रानातल्या एका तळावर झाली. निर्मलवाला आधीच येऊन बसला होता, खांद्याला मळकी पिशवी. केस पार पांढरे झालेत त्याचे. मला बघून म्हणाला, "काय बे, जाड झाला." मी म्हणालो, "तू काऊन आला? निस्ता चाकू पाठवायचा होता." तो म्हणाला, "चाकू कोणासंग लढते ते पाहाले आलो."

वॉचरांनी दोन्ही चाकू घेतले आणि सकाळपासून कामाला लागले. बांबू तोडला, घाणेरीची झुडपं साफ केली, सरपण फोडलं, त्याच पात्यानं वांगी चिरली. माझं पातं बांबूत असं शिरत होतं की बघत राहावं. त्याचं पातं साधं होतं, मी शंभर चुका दाखवीन त्यात. पण जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे त्याचाच चाकू मागू लागले होते. माझा एका दगडावर पडून होता. मी एका वॉचरला विचारलं, ह्यात काय वाईट आहे? तो तळवा चोळत म्हणाला, "वाईट नाही दादा. कापते तं मस्त. पण घाम आला की हातात भांडते." बाकीचे हसले. दुसरा म्हणाला, "नव्या नवरीवाणी हाये. दिसाले देखणी, धरली की निसटते." साहेबांनी कोणाला काही विचारलंच नाही. त्यांनी दगडावरचा चाकू बघितला आणि निर्मलवाल्याकडे मान हलवली.

मग मी त्याचा चाकू उचलला, चुका शोधायला. मूठ हातात घेतली आणि बोटं आपोआप आपापल्या जागी जाऊन बसली. शेवटी खाली एक खळगा होता, तिरपा, उथळ. माझी करंगळी, जी कुठल्याही हत्यारावर बसत नाही, ती त्यात जाऊन निजली.

"हा खळगा काऊन केला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

त्यानं पिशवीतून एक काळा गोळा काढला. भट्टीत भाजलेली माती. त्यावर चार बोटांच्या खाचा होत्या, आणि शेवटची खाच वाकडी. मी हात ठेवला. माझा पंजा आता फुगलाय, पण करंगळी बसली.

"तुया बापानं देल्ला," तो म्हणाला. "म्हणे, मूठ ह्याच्यावरच करायची. ज्या हाताची करंगळी वाकडी, त्याच्यातून जी मूठ निसटत नाही, ती कोणाच्याच हातातून निसटत नाही. मी कोळसा फोडू फोडू मेलो, शिव्या खाल्ल्या, आन् दर कोयत्याले हात तुया. मले असा राग ये ना तुया! पोरगा तिकडे कॉलेजात, आन् त्याचा हात इथं माया छातीवर."

इतकी वर्षं मी त्याच्यावर जळत होतो आणि तो माझ्यावर. तुम्ही मात्र दोघांच्या मधल्या भिंतीसारखे गप्प. एका शब्दानं सांगता आलं नसतं का, की दाब, मला तुझा हात हवाय? तो तुमचा हिशेब होता की माझ्यावरची माया, मला अजून ठरवता येत नाही. साधा कारागिरीचा हिशेबच असावा. तुम्ही तसेच होतात.

"गोळा दे मला," मी म्हणालो. "हात माझा आहे."

"हात तुया, माती मायी," तो म्हणाला आणि गोळा पिशवीत टाकला. "नाही देत. पातं मातर तू झकास केलं, खोटं नाही बोलत. मूठ बाजेचा खूर हाये निस्ता. उपट ते, आन् पातं घेऊन ये निर्मलले. बसवून देतो."

तर बाबा, काल मी तिन्ही रिबिटा काढल्या. बाभळीचे तुकडे शेकोटीत गेले. माझा हेवा गेला असं समजू नका, उलट त्याला नवीन जागा मिळाली. आधी मी त्याच्या हाताचा हेवा करायचो. आता माझाच हात त्याच्या पिशवीत आहे, तुमचा अंगठाही मातीवर कुठेतरी उमटलेला असेल, आणि ते सगळं तो रोज हाताळतो. मी महामार्गावर शेड टाकून बसलोय आणि माझ्याजवळ आहे व्हर्नियर.

सकाळच्या बसनं निर्मलला निघतोय. पात्याला तेल लावून कशात तरी गुंडाळायचं होतं, या पत्राचेच कागद समोर होते. पण तो काहीही उलगडून वाचणारा माणूस आहे, म्हणून जुना पेपर घेतला. हे कागद राहतील इथेच, ऐरणीखाली. उद्या कोणी विचारलं तर स्वतः शिकलो असंच सांगणार आहे, ते काही बदलत नाही.

तुम्हाला मात्र सांगतो, मूठ मी इथेही बसवू शकलो असतो. ती माती आणखी एकदा धरायची आहे, म्हणून चाललोय.