खरेदीखतात न लिहिलेला बोळ

मी, काव थी मेन, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा हातगाडीवर शेवयांचे सूप विकणे, सध्या धंदा नाही, राहणार सादेक, बाजारामागच्या बोळातले शेवटचे घर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. पोटातल्या गाठीचा दाखला वेगळा आहे, तो टाचण्याची गरज नाही. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे पाण्याचे तीन रांजण. चतुःसीमा: पूर्वेस कालव्याची भिंत, दक्षिणेस शाळेचे मागचे आवार, उत्तरेस विहाराची बाग, पश्चिमेस श्री. दिएप यांचे घर आणि त्यांच्या मालकीचा बोळ. "त्यांच्या मालकीचा" हे शब्द मी समजून उमजून लिहिले आहेत. लिहिताना हात थांबला नाही. हे घर माझा मुलगा तो वान खांग याला मिळावे. त्याने ते ठेवावे किंवा विकावे. दिएपला विकले तरी माझी हरकत नाही. हरकत घ्यायला जे लागते ते माझ्याजवळ उरलेले नाही.

कलम २. घर विकल्यास घेणाऱ्याला बोळाची हकीकत आधी सांगावी. ती अशी आहे.

१९९५ साली मी आणि माझे यजमान लुक यांनी हे घर साऊकाकांकडून घेतले. काकांची इथे पेरूची बाग होती. तिचे तुकडे पाडून ते एकेक विकत होते. आमचा तुकडा सर्वांत मागचा. सडकेपासून आमच्या दारापर्यंत दीड मीटर रुंदीचा बोळ होता. त्यातून आमची गाडी जायची आणि बाजूने एक सायकलही जायची. खरेदीखत हाताने लिहिलेले, अकरा ओळींचे. त्यात "घर व खालची जागा" एवढेच आहे. बोळाचा उल्लेख नाही.

काका वारले. मुलांनी पुढचा तुकडा २००७ मध्ये दिएपला विकला. नवी मोजणी झाली तेव्हा बोळ कोणाच्याच कागदात नव्हता, म्हणून तो पुढच्या तुकड्यात धरला गेला. दिएप टायरचे दुकान टाकायला आला होता. तिसऱ्या आठवड्यात तो दाखला घेऊन आमच्या पडवीत आला.

"ताई, दादा, बघा, हा नकाशा. ही रेघ बघा. बोळ माझ्या हद्दीत आहे."

"अरे, बारा वर्षं आम्ही त्यातूनच जातोय," मी म्हणाले.

"जा की! नको कोण म्हणतंय? पण मला वरच्या खोल्यांना जिना काढायचाय. थोडं आत येईन एवढंच."

"थोडं म्हणजे किती?"

"माणूस जाईल एवढं ठेवतो, ताई. मी काय हिसकावून घेतलंय का? पैसे मोजून घेतलंय."

आठ दिवसांत भिंत आणि जिना उभे राहिले. बोळ उरला पंच्याहत्तर सेंटिमीटर. गाडी नव्वदची होती. यजमानांनी ती करवतीने मधोमध कापली, एका पातेल्याची जागा काढून टाकली आणि पुन्हा जोडली. त्यानंतर आम्ही एकाच पातेल्यावर धंदा केला.

आम्ही अर्ज केले. समजुतीच्या बैठका झाल्या, मग कोर्ट झाले. नऊ वर्षांनी निकाल आला: बोळ दिएपचा, मागच्या घराला जाण्यायेण्याचा हक्क कायम, रुंदी आज आहे तेवढी. निकालाची प्रत कपाटात वरच्या कप्प्यात आहे. घेणाऱ्याला ती वाचायला द्यावी.

मी स्वतः दोनदा घर विकायला काढले होते. गेल्या वर्षी एक नवे जोडपे आले. मुलीला पडवी आवडली. कपडे कुठे वाळत घालायचे हेही तिने ठरवले. मग म्हणाली, "काकू, आणि हा बोळ कोणाचा?" साऊकाकांनी आम्हाला सांगितले होते तसे, सगळ्यांचा, असे मला सांगता आले असते. मी निकाल दाखवला. पाणी पिऊन ती दोघे गेली.

कलम ३. गाडी, पातेले आणि झारे बाजारातल्या थोआला द्यावेत. गाडी तिच्याकडे भाड्याने आहेच, आता भाडे घेऊ नये. करवत, रंधा आणि यजमानांची बाकीची हत्यारे खांगला.

कलम ४. पडवीत लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. ती आमची नाही, दिएपची आहे. ती परत करावी.

२०१८ च्या मार्चमध्ये सकाळी सातच्या सुमाराला यजमानांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स सडकेवर आली. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन बोळात शिरली, पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. उभे करून पाहिले, आडवे करून पाहिले. एक जण म्हणाला, "दुसरा रस्ता नाही का, आजी?" मी नाही म्हणाले. दिएप बनियनवर दुकानातून धावत आला, हातात ही खुर्ची. "ताई, बाजूला व्हा. दादांना बसवा हिच्यात. मागचे पाय मी धरतो." त्याने मागचे पाय धरले आणि स्वतःच्याच भिंतीला कोपरे खरचटवत तो सडकेपर्यंत गेला. यजमान अँब्युलन्समध्येच गेले. उशीर झाला म्हणून गेले का, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. शवपेटी बोळातून आत येईना, म्हणून अंत्यविधीचा मांडव बोळाच्या तोंडाशी, दिएपच्या दुकानासमोर घालावा लागला. त्याने न सांगता तीन दिवस दुकान बंद ठेवले. मी त्याला भिंतीबद्दल माफ केलेले नाही, खुर्चीबद्दल त्याचे आभारही मानलेले नाहीत. दोन्ही करायचे राहिले. आता दोन्ही करावेसे वाटत नाही.

कलम ५. हे कलम खांगसाठी आहे. त्याने ते स्वतः वाचावे, सुनेकडून वाचून घेऊ नये.

खांग, दिएप नकाशा घेऊन आला तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास आणि दारात उभा होतास. तो गेल्यावर मी तुझ्यासमोर म्हणाले, "तुझ्या बापाला एक ओळ लिहून घेता आली नाही." तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि ते गाडी धुवायला गेले. ते वाक्य मी नंतर पुष्कळदा म्हटले. अर्ज फेटाळला की म्हटले, गाडी कापली तेव्हा म्हटले. तुझ्या तोंडातही तेच बसले. तू बिएन होआला कारखान्यात गेलास. अकरा वर्षे फोनवर बापाशी "हो", "नाही" आणि "आईला द्या" याच्यापुढे बोलला नाहीस. मांडवात पाहुण्यांसमोर म्हणालास, "बाबांनी एक ओळ लिहून घेतली असती, तर आज त्यांना घरातून खांद्यावर नेलं असतं." मी चहा ओतत होते. ओतत राहिले.

खरे असे आहे. खरेदीच्या दिवशी साऊकाकांच्या टेबलाशी पेन बाबांच्या हातात होता. अकरावी ओळ लिहून झाल्यावर ते म्हणाले, "काका, बोळाचं पण एक वाक्य घालू का? रुंदी वगैरे?" काकांचा चेहरा पडला. "माझ्यावर विश्वास नाही होय रे, लुक?" बाबा म्हणाले, "तसं नाही, काका. पुढेमागे कोणी विचारलं तर." तेव्हा मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला आणि मोठ्याने म्हणाले, "अहो, पुरे की आता! काका काय बोळ घेऊन पळून जाणारेत?" सगळे हसले. बाबांनी पेन खाली ठेवला.

त्यांनी हे तुला कधीच सांगितले नाही. एकटे असतानाही मला कधी ऐकवले नाही. मी वाट पाहत असे की ते म्हणतील. म्हटले असते, तर मी भांडले असते आणि गोष्ट संपली असती. मी हे तुला फोनवर सांगणार होते. तीनदा लावला. जेवलास का, एवढे विचारून ठेवून दिला.

बाबांचा देव्हाऱ्यातला फोटो तू घेऊन जावास. त्याच्यापुढे काय म्हणायचे ते मी सांगणार नाही.

कलम ६. बँकेत जे असेल त्यातून यजमानांच्या आणि माझ्या वर्षश्राद्धाचे जेवण घालावे, पुरेल तितकी वर्षे. कालव्यातला मासा करावा, यजमानांना तो आवडे. जेवायला दिएपच्या घरच्यांना बोलवायचे की नाही, हे खांगने ठरवावे.

कलम ७. दिएप साक्षीदार म्हणून सही करायला तयार होता. "माझी सही चालेल ना, ताई? अक्षर चांगलंय माझं." त्याचा हितसंबंध असल्यामुळे कायद्याने चालत नाही. तसे मी त्याला सांगितले. तो "बरं" म्हणाला.

कलम ८. डॉक्टरांनी तीन-चार महिने सांगितले आहेत. येत्या सोमवारी सकाळी मी विन्ह लाँगला धाकट्या बहिणीकडे जात आहे. तिचे घर सडकेला लागून आहे, गाडी दारात उभी राहते. पुढचे सगळे तिथेच करावे, मला इथे परत आणू नये. बोळ मी स्वतःच्या पायांनी चालून जाणार आहे. सामान एकच पिशवी आहे. काल दिएपने विचारले, "ताई, सोमवारी पिशवी मी घेऊ का?" मी हो म्हणाले. मात्र त्याला पुढे चालायला सांगितले आहे, कारण बोळात दोघे शेजारी मावत नाहीत.

वरील मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

लिहून ठेवणार: काव थी मेन (सही व डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार, ज्यांनी मजकूर वाचलेला नाही, सही करताना मला पाहिले आहे:
१. फाम थी बिच, निवृत्त शिक्षिका (सही)
२. वो तान दात, औषधांचे दुकान (सही)

स्थळ: सादेक, घराची पडवी
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार