अळ्यांचं ताट

चि. मित्रा,

चंपाआत्याचा पाय मुरगळलाय, म्हणून मी तिच्याकडे शिवला जातोय. परवा येईन. तुझ्या अळ्यांची बादली गॅलरीत सावलीला आहे. चाळून ने.

मागच्या शनिवारी विचारलंस, "बाबा, भलत्याच जाड झाल्यात! घालता काय यांना?" मी म्हटलं, सालं.

ते खोटं होतं.

कोंबड्यांच्या खाद्यातल्या सोयाबीनपायी कुठे कुठे जंगलं तोडतात, त्यापेक्षा खाद्याला अळ्या बऱ्या, अळ्यांना घरातलं उरलेलं चालतं, हे तू समजावलंस. पटलं. पण तू आठवडाभर कर्जतला, कोंबड्यांच्या शेडवर. एकट्या माणसाचं उरणार किती? म्हणून रोज दोघांचं रांधतो. तुझं ताट बादलीत जातं. खारट त्यांना सोसत नाही म्हणालीस, तेव्हापासून मीही अळणीच जेवतो.

(वरच्या चार ओळी खोडणार होतो. राहू देत.)

अळ्यांचा डबा भरून लगेच पळू नकोस. ओट्यावर ताट झाकून ठेवलंय, वांगं-सुकट आणि भात. बादलीला आज उपास.

मीठ घातलंय.

बाबा