दातांचा दवाखाना आणि माझ्या दोन पदव्या

तीर्थरूप मामांस,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळ आलो की तुम्ही कान धरता). मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे मी खुशाल आहे, आणि या वेळी हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

मामा, मी जिंकलो. प्राध्यापकांशी हुज्जत घालून मी मागचं कॉलेज अर्ध्यात सोडलं, तेव्हा एक पदवी झेपेना त्याला दोन काय झेपणार, असं बाबा म्हणाले होते. तुम्ही रदबदली केलीत म्हणून या दुहेरी पदवीला बसलो. दोन वर्षं इथे, दोन वर्षं परदेशी विद्यापीठात, आणि शेवटी दोन्हीकडून एकेक पदवी. विषय माहिती प्रणाली. म्हणजे माणसं कामात जो घोळ घालतात तो आधी नीट पाहायचा आणि मग संगणकाकडून झटपट घालून घ्यायचा. परदेशातली जागा मात्र प्रकल्प पसंत पडला तरच. आमच्या गटाची कॅप्टन त्या जागेसाठी जीव टाकत होती, म्हणून मीही टाकत होतो (जागेसाठी नव्हे, पण निकालात तो फरक दिसत नाही).

प्रकल्प होता दातांच्या दवाखान्यातल्या रांगेचा. आल्या आल्या प्रत्येकाने आपलं दुखणं एक ते दहामध्ये पडद्यावर नोंदवायचं, जास्त दुखेल त्याचा नंबर आधी. कल्पना माझी. पहिल्याच सकाळी सगळ्यांनी दहा दाबले. नुसते दात साफ करायला आलेल्या एका काकांनीही दहा. विचारलं तर म्हणाले, "अरे, घरी पाहुणे यायचेत." माझं डोकं फिरलं. त्यात त्या परदेशी विद्यापीठातली आमची जोडीदार पोरं व्हिडिओवरून सांगू लागली की लोकांवर विश्वास ठेवा. त्यांना मी काय बोललो ते मामीही हे पत्र वाचणार असल्याने लिहीत नाही. कॅप्टन म्हणाली, "तू बाहेर जाऊन पाणी पी." मी गेलो नाही. तिथेच बसून रागाच्या भरात पडद्यावर एक ओळ वाढवली. दहा दाबले की पडदा विचारणार, "दात आजच काढायचा का?"

मामा, अख्खा दवाखाना दहावरून तीनवर आला. पाहुणेवाले काका तर एकवर. एकच माणूस गाल धरून दहावर ठाम राहिला. डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतलं, आणि त्याची दाढ खरोखरच सडलेली निघाली. सादरीकरणात परदेशी परीक्षक बाईंनी विचारलं, ही ओळ कोणत्या अभ्यासातून सुचली? कॅप्टन म्हणाली, "याच्या तापट डोक्यातून." आणि हसली, मामा, माझ्याकडे बघून. दोघांनाही जागा मिळाली. बाबा दुकानात येईल त्याला ही बातमी ऐकवतात (गिऱ्हाईक निघून गेलं तरी वाक्य पुरं करतात, असं आई सांगते), आणि माझ्यासाठी कोट शिवायला टाकलाय.

तुमचा, आता उजळ माथ्याने फिरणारा,
भाचा

ता. क. : डॉक्टरांनी कॅप्टनला दवाखान्यातच नोकरी देऊ केली आहे आणि ती इथेच थांबायचं म्हणते. इथे राहून एकच पदवी घेता येते. तेव्हा माणसाला एक पदवीही पुष्कळ होते, हे तुम्ही बाबांना तुमच्या पद्धतीने पटवून द्या.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन. या पत्राचं सांगितलं, तर म्हणाली, "मी नुसता विचार करतेय म्हटलं होतं, तू लगेच घरी कळवलंस पण?" तेव्हा वरचं खोडत नाही, पण तुम्ही ते धरूही नका. रविवारी आमच्या घरी जेवायला जा, बाबांशेजारी बसा आणि एका पदवीचं नि दोन पदव्यांचं, अशी दोन्ही भाषणं तयार ठेवा. तिचं ठरलं की मी फोन करीन. तोवर तोंडात घास असू द्या.